मागचा कोपरा

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं. सहा वर्षांनी आलं आणि चार ओळींत आटोपलं, पण आलं. मी ते दारातच उभी राहून वाचलं, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. बाबा आतून दोनदा ओरडले, "कोणाचं गं?" मी म्हटलं, "जाहिरात आहे."

फोन करू नकोस, फोनवर तू बाबांची वकील होतेस, असं तू लिहिलंयस. बरं, नाही करत. तसा माझ्या वकिलीनं आजवर कोण सुटलंय? तुझं म्हणणं मी नीट समजून घेतलंय का, ते बघ: तुला दोन पाळ्या कराव्या लागतात, भिंगरीला सांभाळायला कोणी नाही, म्हणून तिची सुट्टी लागली की तिला घेऊन इथं यायचं तुझ्या मनात आहे. पण आधी मी मागच्या अंगणातली माती तपासायची आणि जे निघेल ते जसंच्या तसं कळवायचं. 'नुसतं ये म्हणू नकोस,' हे वाक्य तू अधोरेखित केलंयस. पेन इतकं दाबलंयस की कागदाच्या मागे उमटलंय.

तपासते. त्यासाठीच तर शिकले. पाच वर्षांच्या भाचीला फक्त एका फोटोत पाहिलेली मावशी मातीच्या लॅबमध्ये नोकरी करते, तर तिनं तेवढं करायलाच हवं.

रविवारी सकाळी लॅबमधली लोखंडी नळी आणली. ती जमिनीत फिरवत खाली घालायची आणि ओढून काढायची, म्हणजे मातीची कांडी निघते. बाबा चहाचा कप घेऊन पायरीवर आले.

"विहीर खणतेस काय?"

"माती नेतेय. तपासायला."

"आपल्या मातीला काय धाड भरलीये?"

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "ताईनं मागितलंय. ती येईन म्हणते. भिंगरीला घेऊन. पण आधी हे."

कपातला चहा तसाच राहिला. मी पुढच्या बाजूच्या दोन जागा संपवून मागच्या अंगणात गेले, तर ते भिंतीजवळच्या त्या कोपऱ्यात जाऊन उभे होते. पायानं जमिनीवर गोल काढून म्हणाले, "मग इथलं ने. औषधाचा पंप इथं धुवायचो."

स्वतःहून म्हणाले, ताई. मी विचारलंही नव्हतं.

तुझी,
ढमी


१५ फेब्रुवारी

ताई,

पहिला आकडा आला. तू जसंच्या तसं सांग म्हणालीस, म्हणून सांगते. पुढचं अंगण स्वच्छ आहे, आपल्या जुन्या खोलीच्या खिडकीखालची मातीही. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थोडंसं आहे, काळजी करण्याइतकं नाही. मागचा कोपरा मात्र भरलेला आहे. लॅबमध्ये माझ्या हातून गेलेल्या कुठल्याच नमुन्यात एवढं आलं नव्हतं. मशीनच्या पडद्यावर रेघ वर चढायला लागली ती थांबेचना, तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "हे कुठल्या कारखान्याचं गं?" मी म्हटलं, "एका घराचं." कोणाच्या ते नाही सांगितलं.

वाळवीचं ते जुनं औषध. मी शाळेत जायच्या आधीच त्यावर बंदी आली, तरी ते तिथंच बसून आहे.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. लपवून काय करायचं?

"अजून आहे?" त्यांनी विचारलं.

"बरंचसं आहे. फार थोडं गेलंय."

आता हे तुला आवडणार नाही, पण घडलं ते असं, की क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. तुला आठवतं ना, ते गिऱ्हाइकाला काय सांगायचे? घराच्या पायाला सगळीकडून भोकं पाडून औषध सोडून झालं, की नळी गुंडाळता गुंडाळता म्हणायचे, "तुमचा नातू म्हातारा होईल, पण इथं वाळवी येणार नाही. माझी गॅरंटी." त्यांनी गावभर दिलेली गॅरंटी खरी ठरली होती. "टिकलं म्हणायचं," असं पुटपुटले. आणि मग त्यांना कळलं की आपण कशाबद्दल बोलतोय. मांडीवर ठेवलेले हात त्यांनी उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले, आणि उठून गेले.

एवढ्यावर काही ठरवू नकोस, ताई. आमच्या मॅडम, म्हणजे लॅबच्या प्रमुख, म्हणतात की हा आकडा म्हणजे अर्धीच गोष्ट आहे. हा काढताना आपण मातीला जबरदस्त द्रावकात तासन् तास घुसळतो, तिच्यात असेल नसेल ते ओरबाडून काढतो. पण अंगणात कोण मातीला असं घुसळतं? पाणी, मुळं, गांडुळं, मुलांचे हात, यांच्या वाट्याला त्यातलं किती येतं, तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याची तपासणीही वेगळी आहे. मॅडम म्हणाल्या, "मातीत किती आहे हे विचारलंस. आता माती किती सोडते ते विचार."

थांब जरा. घाईनं नको म्हणू नकोस.

ढमी


१ मार्च

ताई,

ये!

तू नुसतं ये म्हणू नकोस म्हणालीस, म्हणून कारणासकट म्हणते. दुसरी तपासणी झाली. यात माती साध्या पाण्यात हलवत ठेवायची आणि पाण्यात बारीक मणी सोडायचे. माती आपणहून जे सोडेल ते हे मणी टिपून घेतात. कोपऱ्यातल्या मातीचे मणी जवळजवळ कोरे निघाले. लहान मूल माती तोंडात घालणारच, म्हणून पोटात असतो तसला पाचक रस तयार करून त्यातही माती टाकून पाहिली. अगदी थोडं सुटलं. गांडुळं त्या मातीत महिनाभर ठेवायची असतात, त्यांना आता दोन आठवडे होत आले. अजून तरी मजेत आहेत.

याचं कारण काळ. औषध नवं असतं तेव्हा मातीच्या कणांवर वरवर बसलेलं असतं, कोणाच्याही अंगाला लागतं. पण वर्षं गेली की ते कणांच्या आतल्या बारीक भेगांमध्ये, कुजलेल्या पाल्याच्या काळ्या भागात शिरत जातं. इतकं आत, की त्याला स्वतःलाही बाहेरची वाट सापडत नाही. ते संपलेलं नसतं. फक्त कोणाला भेटत नाही.

मॅडमनी एक अट सांगितली आहे. कोपऱ्याला हात लावायचा नाही. वर गवत आहे ते राहू द्यायचं, खणायचं नाही, काही पेरायचं नाही. भिंगरीनं पुढच्या अंगणात हवा तेवढा धिंगाणा घालावा. कोपऱ्याभोवती मी दोरी बांधते.

आणि दुसरी बातमी सांगू? बाबांनी मला माझ्या कामाबद्दल विचारलं! मला कॉलेजला जायचं होतं तेव्हा "माती शिकायला कॉलेज कशाला, अंगणात आहे की" म्हणणारे हेच आपले बाबा ना? काल जेवण झाल्यावर खुर्ची ओढून समोर बसले. म्हणाले, "मग ते आत बसलेलं निघतच नाही म्हणतेस? कशानंच नाही?"

मी म्हटलं, "पाण्यानं नाही निघत. हे तेलासारखं असतं, त्याचं पाण्याशी जमत नाही."

"आणि साबणानं?"

मी इतकी खूष झाले! जेवणाची तेलकट ताटली त्यांच्यासमोर ठेवली. वरून पाणी ओतलं, तेल जागचं हललं नाही. मग साबणाचा एक थेंब टाकला. "बघा, साबणाचं एक टोक तेलाला धरतं, एक पाण्याला. लॅबमध्ये आम्ही हीच युक्ती करतो. घट्ट बसलेलं सुटतं." बाबांनी ताटली दिव्याखाली धरून पहिलीतल्या मुलासारखं निरखून पाहिली.

"सुटतं म्हणजे सुटतंच?"

"सुटतंच की!"

"बरं का मास्तरीणबाई," ते म्हणाले, "आम्हालाच कोणी सांगितलं नाही तेव्हा." आणि ताटली स्वतः धुऊन ठेवली.

तू ये. भिंगरीला काय आवडतं ते कळव.

ढमी


१३ मार्च

ताई,

तुझं 'अकरा एप्रिलला निघतो. बघू.' मिळालं. त्यातलं 'बघू' मी वाचलंच नाही असं धरून चालते. भिंगरीला काकडी आवडते आणि ती सालासकट खाते, हे बाबांना वाचून दाखवलं. "आईवर गेलीये," म्हणाले. तुझ्या आईवर की आपल्या आईवर, हे मी विचारलं नाही. म्हणजे, तुझी आई तीच आपली आई, मला म्हणायचं होतं तुझ्यावर की आईवर. मी लिहिताना फार धांदल करते हल्ली.

घरात लगबग चालू आहे. बाबांनी आपल्या जुन्या खोलीला रंग दिला. पंख्याला तेल दिलं, आता तो पूर्वीपेक्षा जास्त कुरकुरतो. पण मला मागच्या अंगणात येऊ देत नाहीत. मी कामावरून येते तेव्हा मागचं दार लावलेलं असतं आणि हे पुढे वर्तमानपत्र उघडून बसलेले. अंगातला सदरा भिजलेला, कमरेवर हात. "काय केलंत दिवसभर?" विचारलं की म्हणतात, "तुला कशाला? तिला आल्यावर दाखवीन." दोरी बांधायची होती ती राहिलीच माझी. लॅबमध्येच रोज अंधार होतो.

शेजारच्या काकू परवा कुंपणावरून म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी लाँड्री काढलीये का गं? साबणाची खोकी आणतायत दुकानातून." मी हसले. म्हटलं, "लेक यायचीये ना, घर धुतायत."

आणि एक गंमत. काल घरात शिरले आणि एकदम बाबांच्या खाकी शर्टाचा वास आला. आठवतो तुला? आपण लहान असताना ते कामावरून आले की यायचा तो, गोडसर, कापराच्या जवळचा. आपण दाराआड लपून त्यांच्या पायांना मिठी मारायचो आणि आई ओरडायची, "आधी अंघोळ करू द्या त्यांना!" मी पिशवी हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. वाटलं, तू येणार म्हणून घरालाच जुने दिवस आठवायला लागले.

तिकिटं काढलीस का?

ढमी


२० मार्च

ताई,

येऊ नकोस. तिकिटं काढली असशील तर परत कर.

तो वास आठवणीचा नव्हता. मी मातीच्या लॅबमध्ये काम करते, माझ्या नाकाला तेवढं कळायला हवं होतं. चुलीवर दूध उतू जाताना 'काय छान वास सुटलाय' म्हणणाऱ्या बाईसारखी मी दारात उभी राहून रडत होते.

बाबा रविवारी दाढी करायला गेले तेव्हा मी मागचं दार उघडलं. कोपऱ्यातलं गवत नव्हतंच. गुडघाभर खड्डा होता आणि त्यातली काळी माती ढेकळं फोडून अख्ख्या अंगणात पसरली होती, आपल्या खोलीच्या खिडकीपर्यंत. कडेकडेनं साबणाचा फेस वाळून पांढरा झाला होता. भिंतीला टेकून साबणाची रिकामी खोकी रचली होती, बाबा रचतात तशी, अगदी एका रेषेत. आणि खिडकीखाली, जिथून भिंगरीला हात बाहेर काढून तोडता येईल अशा बेतानं, काकडीचे वेल लावले होते. दोन दोन पानं फुटली होती.

ते परत आले, मला तिथं पाहून आधी हिरमुसले. मग म्हणाले, "पाहिलंसच आता. रोज गरम पाण्यानं धुतोय. हातभर खालपर्यंत गेलोय. घाण सगळी वर काढली. सुकली की पोत्यांत भरून देऊन टाकू. काय राहिलं मग? पोर खुशाल लोळेल."

मी त्यांना काय बोलले ते लिहीत नाही. तू आई गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलली होतीस, त्याहून फार वेगळं नव्हतं. काकू कुंपणाजवळून आत निघून गेल्या, यावरून ओळख.

बाबा एवढंच म्हणाले, "तूच म्हणालीस, साबणानं सुटतं."

मीच म्हणाले होते. ताटली समोर ठेवून, वरून पाणी ओतून दाखवलं होतं. सुटलेलं जातं कुठं, हे त्या धड्यात नव्हतं.

मॅडमना सांगितलं. या वेळी माती कोणाच्या अंगणातली आहे तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, उलट स्वतः येऊन नमुने घेतले. द्रावकाची तपासणी पुन्हा केली: एकूण औषध होतं तेवढंच आहे, एक कणही वाढलेला नाही. पण मणी, ताई. मागच्या वेळी कोरे निघालेले मणी या वेळी भरून आले. पाचक रसातही तसंच. आपल्या खिडकीखालची माती तर आधी स्वच्छात जमा होती. आणि काकडीचं कुळ असं, की ज्या औषधाकडे बाकीची झाडं ढुंकून बघत नाहीत, ते या वेलांची मुळं ओढून वर फळापर्यंत नेतात.

आई त्या मागच्या कोपऱ्यातच काकड्या लावायची. हे तुला मी सांगायला नको. त्या दिवशी तू तेच तर म्हणाली होतीस, की बाबांच्या औषधानंच ती गेली.

ढमी


३० मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं. 'त्या घरात काहीच जागेवर राहत नाही' हे एक वेळ कबूल. 'त्यांनी मुद्दाम केलं' हे नाही. तू म्हणशील, झाली वकिली सुरू. होऊ दे. मुद्दाम करणारा माणूस वेल खिडकीच्या उंचीचा बेत बघून लावत नाही.

आता काय झालं ते सांगते, क्रमानं.

त्या रविवारनंतर तीन दिवस बाबा माझ्याशी बोलले नाहीत, मीही नाही. चौथ्या दिवशी मी उठायच्या आत त्यांनी सगळे वेल उपटून एका पोत्यात भरून, तोंड बांधून दाराशी ठेवले होते. म्हणाले, "हे तुझ्या मशीनला घाल." मी म्हटलं, एवढ्याशा रोपांतून काय कळणार? म्हणाले, "नाही कळलं तर नाही. मी पुन्हा लावणार नाही."

मॅडमनी उपाय सांगितला आहे. लाकडी कोळशाची पूड. कोळशाच्या अंगात इतकी बारीक छिद्रं असतात की सुटलेलं औषध त्यात जाऊन अडकतं. पसरलेली माती हलक्या हातानं ओढून पुन्हा कोपऱ्यात आणायची, त्यात पूड मिसळायची, वर स्वच्छ मातीचा जाड थर द्यायचा, गवत लावायचं. आणि मग कैक हंगाम तिकडे फिरकायचं नाही. किती ते मॅडमही सांगत नाहीत. दर वर्षी मणी टाकून बघायचं. दोन माणसं आली होती लॅबमधून, तोंडाला फडकी, हातात मोजे. बाबा पायरीवर बसून होते. दर थोड्या वेळानं उठायचे, त्यांना काहीतरी सांगायचं असायचं, मग पुन्हा बसायचे. शेवटी एकाला म्हणालेच, "अरे, फावडं असं धर, कंबर जाईल तुझी."

हात न लावणं, हे त्यांना सगळ्यात अवघड जाणार आहे. आयुष्यभर जिथं काही बिघडलं तिथं भोक पाडून औषध सोडायचं, हेच त्यांनी केलं.

ती माणसं गेल्यावर मी चहा केला. बाबांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग विचारलं, "तुझ्या त्या मशीनला तुझ्या आईचं सांगता येईल का?"

मला आधी कळलंच नाही. "आईचं काय?"

"तिचं ते दुखणं. औषधानंच झालं का."

ताई, सहा वर्षांत हा विषय निघाला की त्यांचं एकच उत्तर असायचं, तुलाही माहीत आहे. 'नाही म्हणजे नाही.' त्या एका 'नाही'वर तू घर सोडलंस. आणि आता तेच मला विचारत होते, बशीकडे बघत.

मी शिकलेली आहे, म्हणून मला वाटलं आता नीट बोलायला हवं. म्हटलं, "नाही सांगता येणार, बाबा. मातीचं सांगता येतं. आईला नेमकं कशानं झालं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही."

"हो असंही नाही?"

"नाही."

"आणि नाही असंही नाही?"

"नाही असंही नाही सांगता येत."

चहावर साय धरली. मग म्हणाले, "तिचे हात फुटायचे माझे कपडे धुऊन. मी म्हणायचो, साबण वाईट असेल." आणि मग, "तुझ्या ताईला लिही. म्हणावं, बाबा नाही म्हणत होते, ते आता नाही म्हणत नाहीत. माहीत नाही म्हणतात."

त्यांनी सांगितलं तसंच्या तसं लिहिलं आहे. मी एक शब्दही घातलेला नाही.

ढमी


८ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आज सकाळी आलं. 'खरंच असं म्हणाले?' एवढंच आहे त्यात. हो. खरंच असं म्हणाले. या वेळी पत्र त्यांच्या हातात पडलं, कारण मी न्हाणीघरात होते. बाहेर आले तर ते खुर्चीत बसून वाचत होते. तीन शब्द वाचायला माणसाला किती वेळ लागतो? त्यांना लागत होता.

मग उठले आणि म्हणाले, "अकरा तारखेची गाडी आहे ना तिची? तिकडून इकडे येते तशी इकडून तिकडे जात असेल की."

मी म्हटलं, "कोण जाणार?"

"मी. पोरीला इथं आणता येत नाही, तर मला तिथं जाता येतं. ती कामाला जाईल, मी पोरीजवळ बसेन. मला तरी इथं काय आहे? हात लावायचा नाही, तर बघत बसून काय करू?"

"ताई हो म्हणाली पाहिजे ना आधी."

"नाही म्हणाली तर संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. गाडी पाहिलेली असेल तेवढीच."

हे मी तुला आधी विचारायला हवं होतं हे मला कळतं. पण हे पत्र पोचेल आणि तुझं उत्तर येईल तोवर अकरा तारीख उलटून जाईल. आणि बाबांचं मन एवढं पुढे आलेलं मी कधी पाहिलं नाही. फोन न करण्याचं वचन मी मोडत नाही. उद्या सकाळी हे जलद टपालानं टाकते.

काही गोष्टी सांगून ठेवते, म्हणजे तुझा गैरसमज व्हायला नको.

ते नवे बूट घालून येतील. जुने इथंच ठेवणार आहेत, कारण जुन्यांच्या तळव्यांना अंगणाची माती आहे. हे त्यांचं त्यांनीच ठरवलं. आज दुपारी पायरीवर बसून नखं काढली, मग ब्रशनं हात घासले, आणि मला दाखवायला आणले, लहानपणी आपण त्यांना दाखवायचो तसे, आधी उलटे मग सुलटे. "झाले?" म्हणाले. मी म्हटलं, झाले. त्यांनी पुन्हा जाऊन घासले. कपडेही नवे आहेत. सदरा गळ्याशी मोठा झालाय, दुकानदारानं फसवलं, पण त्यांना सांगू नकोस.

ते रिकाम्या हातानं येतील. याची त्यांना फार लाज वाटते आहे. आजवर कोणाच्या घरी अंगणातलं काहीतरी घेतल्याशिवाय गेले नाहीत. आज दोनदा मागच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. तेव्हा भिंगरी "आजोबा, काय आणलं?" असं विचारेल, तर तिला आधीच काहीतरी सांगून ठेव. काकडी तुमच्या बाजारातली घेऊन ठेव, आणि त्यांनाच सोलायला दे. साल काढून.

आईबद्दल ते स्वतःहून बोलणार नाहीत. तूही पहिल्या दिवशी विचारू नकोस. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी माझ्या हातून लिहून पाठवलंय, आणि त्यापुढचं त्यांनाही माहीत नाही, मलाही नाही.

गाडी तुझ्या स्टेशनावर दुपारी पोचते. उतरवून घ्यायला जाऊ नकोस, पत्ता विचारत विचारत येतील, ते त्यांना जमतं. जन्मभर लोकांची घरं शोधत फिरलेला माणूस आहे. फक्त दारात आले की आत येणार नाहीत. जिना, जोतं, उंबरा, भिंतीचा तडा, असं काहीतरी बघत उभे राहतील. वाळवी शोधायची सवय आहे, आणि दुसरं कारण तुला ठाऊक आहे. आई गेली त्या दिवशी तुला दाराकडे बोट त्यांनीच दाखवलं होतं.

तेव्हा तू त्यांना काही विचारू नकोस, काही तपासू नकोस. या एका वेळी, ताई, नुसतं 'या' म्हण.

तुझी,
ढमी